पृष्ठप्रक्षेपण दूरचित्रवाणी संच

पृष्ठप्रक्षेपण दूरचित्रवाणी संच (इंग्रजी नाव: रिअर प्रोजेक्शन टेलिव्हिजन, प्रचलित संक्षेप: आरपीटीव्ही) हा मोठ्या पडद्याच्या दूरचित्रवाणी संचाचा एक प्रकार आहे. या संचात लहान आकाराचे चित्र पेटीच्या आत तयार होते, भिंगांच्या व आरशाच्या साहाय्याने मोठे केले जाते आणि अर्धपारदर्शक पडद्यावर मागील बाजूने टाकले जाते. प्रेक्षक ते चित्र पडद्याच्या पुढील बाजूने पाहतो. चित्रपटगृहात प्रक्षेपक आणि प्रेक्षक पडद्याच्या एकाच बाजूला असतात. पृष्ठप्रक्षेपणात ते परस्परविरुद्ध बाजूंना असतात, म्हणून हे नाव पडले.

साधारणतः १९८०च्या दशकापासून २०००च्या दशकाच्या मध्यापर्यंत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, चाळीस इंचांहून मोठा पडदा परवडणाऱ्या किमतीत मिळण्याचा हाच प्रमुख मार्ग होता. प्लाझ्मा आणि द्रवस्फटिक (एलसीडी) प्रकारचे सपाट संच स्वस्त झाल्यावर या संचांची मागणी ओसरली. डिसेंबर २०१२मध्ये मित्सुबिशी या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने घरगुती पृष्ठप्रक्षेपण संचांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकातील बहुतेक दूरचित्रवाणी संच कॅथोड किरण नलिकेवर (सीआरटी) चालत. ही नलिका म्हणजे आतून निर्वात केलेले काचेचे मोठे पात्र होय. आत हवा नसल्यामुळे बाहेरच्या वातावरणाचा दाब काचेवर पडतो. एक मीटर कर्णाच्या, ४:३ प्रमाणाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मीटर भरते आणि त्यावरील वातावरणाचा भार जवळजवळ पाच टन वजनाइतका होतो. हा भार पेलण्यासाठी काच जाड घ्यावी लागते. त्यामुळे पडद्याचा आकार थोडा वाढला तरी संचाचे वजन पुष्कळ वाढते. सोनी कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ४३ इंच दृश्य पडद्याचा नलिका संच बाजारात आणला. त्याचे वजन सुमारे २०० किलोग्रॅम होते आणि किंमतही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची होती.

या अडचणीवर प्रक्षेपण हा सरळ उपाय होता. मोठी नलिका बनविण्याऐवजी लहान नलिकेवर अतिशय तेजस्वी चित्र उमटवायचे आणि भिंगाने मोठे करायचे. पडदा केवळ प्लॅस्टिकचा असल्याने त्याला दाब सहन करावा लागत नाही. पेटीचा मोठा भाग रिकामाच असतो.

## इतिहास

प्रक्षेपण पद्धतीचे घरगुती संच दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच निघाले. अमेरिकेत आरसीए कंपनीने १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात पाच इंचांच्या नलिकेवर आधारलेला कृष्णधवल पृष्ठप्रक्षेपण संच तयार केला. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने अडीच इंचांच्या नलिकेची ‘प्रोटेलग्राम’ ही प्रणाली विकसित केली. या संचांतील प्रकाशिकी बर्नहार्ड श्मिट यांनी दुर्बिणीसाठी शोधलेल्या रचनेवर बेतलेली होती. चित्र मंद असल्यामुळे आणि साध्या नलिका मोठ्या आकारात मिळू लागल्यामुळे १९५०च्या दशकात ही पद्धत मागे पडली.

१९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी अभियंते हेन्री क्लॉस यांच्या ॲडव्हेंट कंपनीने ‘व्हिडिओबीम’ हा रंगीत प्रक्षेपण संच घरगुती ग्राहकांसाठी आणला. त्यात पडदा वेगळा उभारावा लागे. १९८०च्या दशकात सर्व भाग एकाच पेटीत बसविलेले पृष्ठप्रक्षेपण संच रूढ झाले. १९९७मध्ये अमेरिकेत डीव्हीडी विक्रीस आली आणि नोव्हेंबर १९९८मध्ये तेथे उच्च सुस्पष्टतेचे (एचडी) प्रसारण सुरू झाले. या दोन घटनांमुळे मोठ्या पडद्याची मागणी वाढली. त्याच सुमारास ४२ इंचांच्या प्लाझ्मा संचाची किंमत पंधरा हजार डॉलरच्या घरात होती. त्यामुळे मध्यमवर्गीय ग्राहकासमोर पृष्ठप्रक्षेपण संच हाच व्यवहार्य पर्याय उरला.

२००० नंतर नलिकांऐवजी सूक्ष्म चित्रफलक वापरणारे संच आले. त्यांची पेटी पातळ व हलकी असे. २००४ ते २००७ हा या संचांच्या भरभराटीचा काळ मानला जातो.

## रचना

पृष्ठप्रक्षेपण संचाचे चार मुख्य भाग असतात.

* चित्रनिर्मितीचा भाग : तीन लहान नलिका किंवा दिव्याच्या प्रकाशावर चालणारे सूक्ष्म चित्रफलक.
* प्रक्षेपक भिंगे : लहान चित्र मोठे करून योग्य अंतरावर सुस्पष्ट पाडणारा भिंगसमूह.
* आरसा : प्रकाशाचा मार्ग दुमडून पेटीची खोली कमी करणारा मोठा आरसा. त्याचा परावर्तक लेप काचेच्या मागे नसून पुढील पृष्ठावर असतो; अन्यथा काचेच्या दोन पृष्ठांमुळे दुहेरी प्रतिमा दिसली असती.
* पडदा : यात सामान्यतः दोन थर असतात. आतील फ्रेनेल भिंगाचा थर पसरत जाणारे किरण समांतर करतो. बाहेरील लेंटिक्युलर थरावरील उभ्या सूक्ष्म पन्हळी तो प्रकाश डावीउजवीकडे पसरवितात.

पन्हळी उभ्या असल्यामुळे प्रकाश आडव्या दिशेत दूरवर पसरतो, परंतु वरखाली फारसा पसरत नाही. त्यामुळे बाजूच्या खुर्चीवरून चित्र बऱ्यापैकी दिसते, मात्र प्रेक्षक उभा राहिला की ते एकदम मंद भासते. पृष्ठप्रक्षेपण संचाचा हा स्वभावधर्म निवड करताना महत्त्वाचा ठरतो.

## प्रकार

### नलिका प्रक्षेपण

या जुन्या प्रकारात लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या तीन स्वतंत्र नलिका असतात. त्या बहुधा सात इंच व्यासाच्या असत. तिन्ही चित्रे पडद्यावर तंतोतंत एकमेकांवर बसणे आवश्यक असते. या जुळणीला ‘कन्व्हर्जन्स’ म्हणतात. जुळणी बिघडल्यास वस्तूंच्या कडांना रंगीत किनार दिसते. नलिका अतिशय तापत असल्यामुळे त्यांच्या पुढे शीतक द्रव भरलेला असतो.

काळ्या रंगाची खोली आणि नैसर्गिक रंगछटा हे या प्रकाराचे गुण होत. बदलावा लागणारा दिवा त्यात नसतो. वजन व आकारमान, मर्यादित तेज आणि स्थिर चित्राचा कायमचा ठसा उमटण्याची शक्यता हे त्याचे दोष होत. वाहिनीचे बोधचिन्ह, बातम्यांची सरकपट्टी किंवा खेळातील गुणफलक तासन् तास एकाच जागी राहिल्यास तेथील दीप्तिद्रव्य अधिक झिजते आणि ती आकृती पुढे नेहमीच दिसत राहते.

### द्रवस्फटिक प्रक्षेपण

येथे दिव्याचा पांढरा प्रकाश विशिष्ट आरशांनी तीन रंगांत विभागला जातो. प्रत्येक रंग एका लहान द्रवस्फटिक फलकातून जातो आणि लोलकात तिन्ही रंग पुन्हा एकत्र येतात. चित्र तेजस्वी असते व तीनही रंग एकाच वेळी पडद्यावर पोहोचतात. मात्र फलक प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नसल्यामुळे काळा रंग करडा दिसतो. जवळून पाहिल्यास चित्रबिंदूंची बारीक जाळी जाणवते. सोनीचे ‘ग्रँड वेगा’ संच या प्रकारातील होते.

### डीएलपी

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये शोधलेल्या सूक्ष्म आरशांच्या चकतीवर हा प्रकार आधारलेला आहे. चकतीवर लक्षावधी चौकोनी आरसे असतात. प्रत्येक आरशाची बाजू सुमारे एक शतांश मिलिमीटर असते आणि तो काही अंशांनी इकडे किंवा तिकडे कलतो. एका स्थितीत प्रकाश भिंगाकडे जातो, दुसऱ्या स्थितीत शोषला जातो. आरसा किती वेळ कोणत्या स्थितीत राहतो त्यावर त्या बिंदूचे तेज ठरते. या शोधासाठी हॉर्नबेक यांना २०१५मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा विज्ञान-तंत्रज्ञान विभागातील ऑस्कर पुरस्कार देण्यात आला.

घरगुती संचांत एकच चकती असे. म्हणून दिव्यासमोर फिरणाऱ्या रंगचक्राने लाल, हिरवा व निळा प्रकाश आळीपाळीने पाठविला जाई. मेंदूला हे रंग एकत्र दिसतात. परंतु काही व्यक्तींना नजर झटकन वळविताना क्षणभर रंगीत रेषा दिसतात. याला ‘इंद्रधनुष्य परिणाम’ म्हणतात. सॅमसंग, मित्सुबिशी, तोशिबा आदी कंपन्यांनी डीएलपी संच विकले. स्थिर चित्राचा ठसा उमटत नाही, हा त्यांचा मोठा लाभ होता.

### एलकॉस

सिलिकॉनवरील द्रवस्फटिक या अर्थाचे हे संक्षिप्त नाव आहे. सिलिकॉनच्या परावर्तक पृष्ठावर द्रवस्फटिकाचा थर असतो. विद्युत जोडण्या आरशाखाली दडलेल्या असल्यामुळे चित्रबिंदूंमधील जाळी जवळजवळ दिसत नाही. सोनीने ‘एसएक्सआरडी’ आणि जेव्हीसीने ‘डी-आयएलए’ या नावांनी हे तंत्र वापरले. त्याचे उत्पादन अवघड होते. इंटेल कंपनीने २००४च्या जानेवारीत या क्षेत्रात उतरण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी ती योजना सोडून दिली.

## मर्यादित खर्चात निवड

पृष्ठप्रक्षेपण संच घेणाऱ्या बहुतेकांचा हेतू ‘कमी पैशांत मोठा पडदा’ हाच असे. मात्र पडद्याचा आकार आणि दुकानातील किंमत एवढ्या दोनच गोष्टी पाहून केलेली खरेदी अनेकदा महागात पडे. पुढील बाबी एकत्रितपणे पाहिल्यास निर्णय अधिक सयुक्तिक होतो.

### पडदा आणि बसण्याचे अंतर

पडद्याचा आकार कर्णावर मोजतात. पण डोळ्याला क्षेत्रफळ जाणवते. ५० इंचांऐवजी ६० इंचांचा पडदा घेतल्यास कर्ण वीस टक्क्यांनी वाढतो, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी. चित्रपटासाठी दृष्टीचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापणारा पडदा समाधानकारक मानला जातो. १६:९ प्रमाणाच्या पडद्यासाठी हे अंतर कर्णाच्या साधारण १.६ पट येते.

| कर्ण (इंच) | रुंदी (सेंमी) | उंची (सेंमी) | ३० अंशांसाठी अंतर (मीटर) |
|---|---|---|---|
| ४३ | ९५ | ५४ | १.८ |
| ५० | १११ | ६२ | २.१ |
| ६० | १३३ | ७५ | २.५ |
| ७० | १५५ | ८७ | २.९ |

### सुस्पष्टतेची गरज

सामान्य दृष्टीचा मनुष्य एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. त्यावरून कोणत्या अंतरापर्यंत किती ओळींचे चित्र उपयोगी पडते, हे काढता येते. १०८० ओळींच्या चित्रातील संपूर्ण तपशील कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतरापर्यंत जाणवतो, ७२० ओळींचा सुमारे २.३ पट अंतरापर्यंत आणि ४८० ओळींचा सुमारे ३.५ पट अंतरापर्यंत. ५० इंचांच्या पडद्यासाठी ही अंतरे अनुक्रमे २, ३ आणि ४.५ मीटर होतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. तीन मीटर दूर बसणाऱ्या कुटुंबाला ५० इंचांच्या पडद्यावर ७२० आणि १०८० ओळींमध्ये फारसा फरक दिसत नाही. तेव्हा जादा ओळींसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. याउलट, मुख्यतः ४८० ओळींचे साधे प्रसारण पाहणाऱ्याने खूप मोठा पडदा जवळून पाहिल्यास चित्र धूसर व ओबडधोबड भासते. मोठा पडदा चित्राचे गुण जसे मोठे करतो, तसे दोषही मोठे करतो.

काही डीएलपी संचांत ९६० × १०८० आरशांची चकती असे. प्रत्येक आरशाचा प्रकाश अतिशय जलद आलटूनपालटून दोन शेजारच्या जागी टाकून १९२० × १०८० बिंदूंचे चित्र साधले जाई. हे तंत्र ह्यूलेट-पॅकार्डने विकसित केले होते. तपशीलपत्रकात दोन्ही प्रकारच्या संचांपुढे ‘१०८०’ असाच आकडा दिसत असल्यामुळे फरक सहज लक्षात येत नसे.

### खोली आणि उजेड

पृष्ठप्रक्षेपण संचाचे चित्र मंद उजेडात उत्तम दिसते. समोरासमोर खिडकी असलेल्या खोलीत, विशेषतः चकचकीत संरक्षक पत्रा असलेल्या पडद्यावर, प्रतिबिंबे त्रास देतात. नलिका प्रकाराला हे अधिक लागू पडते. दिव्यावर चालणारे संच अधिक तेजस्वी असतात.

दुकानात संच झगमगत्या उजेडात मांडलेले असतात आणि त्यांचे तेज व काँट्रास्ट बहुधा कमाल ठेवलेले असतात. तेथील चित्रावरून घरातील चित्राचा अंदाज बांधता येत नाही. नलिका संचात ही मांडणी तशीच ठेवल्यास ठसा उमटण्याचा धोकाही वाढतो. म्हणून घरी आणल्यावर प्रथम काँट्रास्ट कमी करणे इष्ट असते.

पडद्याचा मध्य बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असावा. मेजावर ठेवण्याच्या संचासाठी योग्य उंचीचा चौरंग किंवा कपाट घ्यावे लागते आणि तो खर्चही हिशेबात धरावा लागतो. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या नलिका संचांना वेगळे कपाट लागत नाही. परंतु त्यांची खोली अर्ध्या मीटरहून अधिक आणि वजन अनेकदा ७० ते १०० किलोग्रॅम असते. त्यामुळे जिना, दरवाजा आणि वळणे मोजल्याशिवाय असा संच घेणे धोक्याचे ठरते.

### दिव्याचा खर्च

सूक्ष्म चित्रफलकांच्या बहुतेक संचांत उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो. तो काही हजार तासांनंतर मंद होतो किंवा अचानक बंद पडतो आणि बदलावा लागतो. संचाची खरी किंमत काढताना पुढील काळात लागणारे दिवे त्यात मिळवावे लागतात.

उदाहरणार्थ, समजा ‘अ’ संचाची किंमत १,२०० डॉलर असून त्याचा दिवा २५० डॉलरचा व ५,००० तास टिकणारा आहे. ‘आ’ संचाची किंमत १,४०० डॉलर असून त्याचा दिवा १५० डॉलरचा व ६,००० तास टिकणारा आहे. सात वर्षांच्या वापराचा हिशेब असा होतो :

| रोजचा वापर | सात वर्षांतील तास | ‘अ’ : जादा दिवे व एकूण खर्च | ‘आ’ : जादा दिवे व एकूण खर्च |
|---|---|---|---|
| ३ तास | ७,६६५ | १ दिवा. १,४५० डॉलर | १ दिवा. १,५५० डॉलर |
| ५ तास | १२,७७५ | २ दिवे. १,७०० डॉलर | २ दिवे. १,७०० डॉलर |
| ८ तास | २०,४४० | ४ दिवे. २,२०० डॉलर | ३ दिवे. १,८५० डॉलर |

म्हणजे संध्याकाळपुरता संच लावणाऱ्या घरात ‘अ’ संच स्वस्त पडतो. दिवसभर संच चालू असणाऱ्या घरात तोच संच ३५० डॉलरनी महाग पडतो. वृद्ध किंवा आजारी माणसे आणि लहान मुले असलेल्या घरांत वापराचे तास सहसा अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. अशा घरांना दिवा नसलेला नलिका संच तुलनेने स्वस्त पडू शके, मात्र तेथे ठशाची काळजी घ्यावी लागे.

पडद्याची किंमत कमी दिसली तरी विस्तारित हमीत दिवा समाविष्ट आहे की नाही, हे पाहणे आवश्यक असे. दिवा हा ‘झिजणारा भाग’ मानून हमीतून वगळण्याची पद्धत होती.

### जोडण्या व ग्राहक यंत्रणा

सुरुवातीच्या अनेक ‘एचडी-सिद्ध’ संचांत उच्च सुस्पष्टतेसाठी केवळ तीन तारांची अनुरूप (कंपोनंट) जोडणी होती. पुढे आलेल्या एचडीएमआय जोडणीत प्रत काढण्यास प्रतिबंध करणारी सांकेतिक प्रणाली असते. ती नसलेल्या जुन्या संचावर नवीन उपकरणांचे पूर्ण सुस्पष्ट चित्र मिळेलच असे नाही. स्वस्तात मिळणारा जुना संच घेताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

‘एचडी-सिद्ध’ याचा अर्थ संच असे चित्र दाखवू शकतो एवढाच होता. प्रसारण ग्रहण करणारी अंकीय यंत्रणा त्यात असेलच असे नव्हे. अमेरिकेत १ जुलै २००५पासून ३६ इंच व त्याहून मोठ्या सर्व ग्राहक संचांत, आणि १ मार्च २००७पासून सर्व आकारांच्या संचांत, अंकीय यंत्रणा बंधनकारक झाली. १२ जून २००९ रोजी तेथील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे अनुरूप प्रसारण बंद झाले. त्यानंतर जुन्या संचांना हवेतील प्रसारणासाठी वेगळी पेटी जोडावी लागली.

### पाहणाऱ्याची परीक्षा

इंद्रधनुष्य परिणाम सर्वांना दिसत नाही. ज्यांना दिसतो त्यांना तो अतिशय त्रासदायक वाटू शकतो. म्हणून डीएलपी संच निवडताना घरातील प्रत्येक सदस्याने काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे काही मिनिटे पाहणे उपयुक्त असते. त्याच वेळी बाजूने, उभे राहून आणि अंधाऱ्या दृश्यात चित्र कसे दिसते, हेही पाहता येते. व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांसाठी नलिका प्रकार ठशामुळे अयोग्य मानला जातो.

## वापरलेला संच घेताना

नवीन संचांचे उत्पादन बंद झाल्यामुळे आता हे संच केवळ जुन्या बाजारात मिळतात. किंमत नाममात्र असली तरी दुरुस्तीचा खर्च मोठा असू शकतो. तपासणीत पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

* नलिका संच : जाळीचे चित्र लावून तिन्ही रंग सर्व कोपऱ्यांत जुळतात का. जुळणी नियंत्रित करणारे विद्युत भाग बिघडणे हा या संचांतील सामान्य दोष आहे. पूर्ण पांढऱ्या चित्रावर जुने ठसे दिसतात का, आणि शीतक द्रव गढूळ झाला आहे किंवा गळतो आहे का, हेही पाहतात.
* द्रवस्फटिक व एलकॉस संच : एकरंगी चित्रावर पिवळे, हिरवे किंवा निळे डाग. उष्णतेने प्रकाशीय भाग खराब झाल्याची ती खूण असते आणि संपूर्ण प्रकाशीय संच बदलणे सहसा परवडत नाही.
* डीएलपी संच : काळ्या पडद्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे स्थिर ठिपके, म्हणजे अडकलेले आरसे, तसेच रंगचक्राची करकर.
* सर्व दिव्यांचे संच : दिव्याचे झालेले तास आणि त्या प्रतिमानाचा दिवा अद्याप मिळतो की नाही.

यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. केवळ मंद दिसणारे चित्र अनेकदा नव्या दिव्याने किंवा आरशावरील धूळ काढल्याने सुधारते. डाग, ठसे व ठिपके मात्र त्याने जात नाहीत.

## देखभाल व सुरक्षितता

दिव्याच्या नळीत चालू असताना पाऱ्याच्या बाष्पाचा दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो. त्यामुळे गरम दिव्याला हात लावणे धोकादायक असते. संच बंद केल्यावरही पंखा काही काळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत विजेची तार काढू नये. नवीन दिवा बसविताना काचेला बोटे लागू देत नाहीत, कारण त्वचेवरील तेलामुळे काच असमान तापून फुटू शकते. हवेच्या झडपांसमोर कपाट किंवा भिंत आल्यास उष्णता साठते आणि दिव्याचे व फलकांचे आयुष्य घटते.

नलिका संचात सुमारे तीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि वीज तोडल्यावरही काही भार शिल्लक राहू शकतो. असा संच उघडणे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम आहे. आरशाचा लेप पुढील बाजूस उघडा असल्यामुळे तो साध्या फडक्याने घासल्यास कायमचे ओरखडे पडतात. निकामी संच कचऱ्यात टाकता येत नाही. नलिकेच्या काचेत शिसे आणि दिव्यात पारा असल्याने तो ई-कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडे द्यावा लागतो.

## भारतातील वापर

अमेरिकेतील वास्तव्य संपवून परतणाऱ्या भारतीय कुटुंबांपुढे तेथील मोठा संच सोबत आणावा का, असा प्रश्न असे. अमेरिकी संच १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ विजेसाठी व एनटीएससी प्रसारणासाठी बनविलेला असे. भारतात वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असून अनुरूप प्रसारण ६२५ ओळींच्या पाल पद्धतीचे होते. त्यामुळे केवळ १२० व्होल्टवर चालणाऱ्या संचाला दाब उतरविणारा रोहित्र लागे आणि त्याच्या ग्राहक यंत्रणेला येथील प्रसारण घेता येत नसे. डीव्हीडीच्या विभागणीतही अमेरिका पहिल्या आणि भारत पाचव्या विभागात येतो. वाहतुकीचा खर्च, रोहित्र आणि दिव्यांची दुर्मिळता जमेस धरता असा संच आणणे क्वचितच फायद्याचे ठरे.

## ऱ्हास

सपाट संचांच्या किमती २००५नंतर वेगाने उतरल्या. ते भिंतीवर टांगता येत आणि त्यांना दिवा बदलावा लागत नसे. सोनीने डिसेंबर २००७मध्ये पृष्ठप्रक्षेपण संचांचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. सॅमसंगही पुढील काळात बाहेर पडली. दिव्याऐवजी प्रकाशोत्सर्जक डायोड (एलईडी) आणि लेसर वापरण्याचे प्रयत्न झाले. मित्सुबिशीने २००८मध्ये ६५ इंचांचा ‘लेसरव्ह्यू’ संच आणला, परंतु त्याची किंमत सुमारे सात हजार डॉलर होती. स्वस्ताई हाच ज्या प्रकाराचा मुख्य आधार होता, त्याला ही किंमत मानवली नाही.

घरांतून हा प्रकार गेला, तरी वीजवितरण, वाहतूक व दळणवळणाच्या नियंत्रण कक्षांतील चित्रभिंतींत पृष्ठप्रक्षेपणाचे चौकोनी घटक पुढेही वापरात राहिले. तेथे संच चोवीस तास चालू असतो आणि चित्र दीर्घकाळ स्थिर असते. ठसा न उमटणारे डीएलपी तंत्र अशा कामाला सोयीचे ठरते.